यानाच्या गाण्यात रथ कुठून आला?

आज आपण एका गाण्यातल्या एका शब्दाचा माग काढणार आहोत. गाणं आपल्या भाषेतलं नाही, आपल्या देशातलंही नाही. ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आहे, १९७५ सालचं. पण माग काढता काढता आम्ही दोन बायांपाशी येऊन पोचलो. एक नवऱ्याबरोबर मालकाघरी राबत होती आणि गात होती. दुसरी आपल्या लहानग्या लेकीला घेऊन जीव द्यायला नदीकडं निघाली होती. म्हणून वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

आधी गाण्याची ओळख करून देतो. ‘पार्लमेंट’ नावाचा एक वाद्यवृंद होता. त्याचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन. या माणसाचं न्यू जर्सी राज्यातल्या प्लेनफिल्ड गावात केस कापायचं दुकान होतं, आणि गाण्याची मंडळीही त्या दुकानातच जमली. १९७५च्या डिसेंबरात त्यांची ‘मदरशिप कनेक्शन’ नावाची तबकडी निघाली. मदरशिप म्हणजे आकाशात फिरणारं मोठं यान, ज्याच्या पोटातून लहान यानं निघतात. आजचं आपलं गाणं या तबकडीतलंच, त्याच नावाचं.

या गाण्याच्या जातीला म्हणतात फंक. फंक कसं ओळखायचं? आपल्या भजनात पखवाज कितीही खेळला तरी समेवर सगळे टाळ एकदम पडतात, ते आठवा. फंकमध्येही सगळी वाद्यं पहिल्या मात्रेवर वजन टाकतात. जेम्स ब्राऊन या गायकानं १९६०च्या दशकात ही रीत रुजवली. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा, हा तिचा उद्देश.

आता कोडं. हे गाणं सगळं यानाचं आहे. तारे, आकाश, दुसऱ्या ग्रहावरून आलेले लोक, सगळी गंमत. पण मध्येच त्याचा सूर पालटतो. देवळात बसून आळवणी करावी तसे बरेच गळे एकत्र येतात आणि हाक मारतात ती रथाला! आमच्यातली एक जण म्हणाली, “अगं, दारात ट्रॅक्टर उभा असताना कुणी बैलगाडीला हाक मारतं का? यानात बसलेल्यांना रथ कशाला हवाय?”

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला आम्हाला सव्वाशे वर्षं मागं जावं लागलं.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं एक जुनं भक्तिगीत आहे, ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’. चॅरियट म्हणजे रथ. गोड रथा, खाली ये, असा त्या नावाचा अर्थ. अशा गाण्यांना तिकडं स्पिरिच्युअल म्हणतात. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या लेकरा-नातवंडांनी कापसाच्या नि तंबाखूच्या शेतांत ती रचली. ही माणसं गुलाम होती. त्यांची खरेदी-विक्री व्हायची. नवऱ्याला एका राज्यात विकायचे, बायकोला दुसऱ्या, लेकरांना तिसऱ्या. दक्षिणेकडच्या कितीतरी राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्यानं बंद होतं. त्यामुळं गाणं हीच त्यांची वही होती.

आणि रथ कुठला? ख्रिस्ती लोकांच्या बायबलात एलीया नावाचा एक संदेष्टा आहे. तो यार्देन नदी ओलांडून जातो, मग अग्नीचा रथ येतो आणि एलीया वर स्वर्गाला जातो. आपल्याकडं तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले असं सांगतात ना, तशीच ही गोष्ट. ज्याला बाजारात विकलं जातं त्याला अशी गोष्ट किती जवळची वाटली असेल! नदीच्या पलीकडं आपलं घर आहे, आणि कुणीतरी न्यायला येणार आहे.

हे गाणं कुणी रचलं, याची एक हकीगत अशी. आजच्या ओक्लाहोमा राज्याचा भाग तेव्हा इंडियन टेरिटरी म्हणून ओळखला जायचा. तिथं चॉक्टॉ जमातीचे मूळनिवासी राहायचे. त्यांनाही गोऱ्या सरकारनं त्यांच्या जमिनीवरून हुसकून तिकडं ढकललेलं होतं. पण त्यांच्यातल्या काही सधन लोकांकडंही काळे गुलाम होते. दुःख सोसलेल्यानं दुसऱ्याला दुःख देऊ नये असं आपण म्हणतो, पण तसं नेहमी घडत नाही. अशाच एका मालकाकडं वॉलिस विलिस आणि मिनर्व्हा नावाचं जोडपं गुलाम होतं. मालक त्यांना जवळच्या स्पेन्सर अकादमी या निवासी शाळेत भाड्यानं कामाला पाठवायचा. म्हणजे घाम यांचा आणि मजुरी मालकाच्या खिशात. संध्याकाळी दोघं गायची. शाळेचे प्रमुख अलेक्झांडर रीड नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांनी ती गाणी ऐकली आणि मनात ठेवली. चॉक्टॉ भागातल्या गुलामांची सुटका कागदोपत्री झाली ती १८६६च्या तहानं. त्याआधी एक वर्ष, १८६५ साली, अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन उरलेल्या देशातली गुलामी संपली होती.

आता दुसरी हकीगत, आणि इथं ती नदीकडं निघालेली आई येते. टेनेसी राज्यात नॅशव्हिलला १८५१ साली एला शेपर्ड नावाची मुलगी गुलाम आईच्या पोटी जन्मली. एला तीनेक वर्षांची असताना मालकीण तिला फूस लावू लागली. तुझी आई काय बोलते, काय करते, ते मला येऊन सांग. आईच्या हे लक्षात आलं. पोटच्या पोरीलाच आपल्यावर हेर म्हणून घालताहेत! तिचा धीर सुटला. लेकीला उचलून ती कंबरलँड नदीकडं निघाली, दोघींचा शेवट करायला. वाटेत एका म्हाताऱ्या गुलाम बाईनं तिला अडवलं. थांब, म्हणाली, देवाचा रथ खाली येऊ दे, या लेकराच्या हातून मोठं काम व्हायचं आहे. आई माघारी फिरली. पुढं एलाच्या बापानं पैसे भरून लेकीला सोडवलं, पण आईला सोडवता आलं नाही. तिला मिसिसिपीला नेलं. ही गोष्ट पुढं एलानंच सांगितली.

म्हणजे गाणं विलिस जोडप्याचं, की त्या म्हातारीच्या तोंडचं? आमच्या मते या दोन्ही गोष्टींचं भांडण लावायची गरज नाही. रथाचं हे बोलणं दूरदूरच्या गुलामांच्या तोंडी होतं, एवढं तर त्यातून कळतंच. आपल्या जात्यावरच्या ओवीचंही असंच असतं. एकीनं सुरुवात केली, दुसरीनं पुढं ओढली, तिसरी सासरी घेऊन गेली.

गुलामी संपल्यावर नॅशव्हिलला सुटलेल्या गुलामांसाठी एक शाळा सुरू झाली, १८६६ साली. नाव फिस्क. आज ते विद्यापीठ आहे. एला तिथं शिकायला आली आणि पुढं संगीत शिकवू लागली. पण पाच वर्षांत शाळेवर कर्ज झालं, इमारती मोडकळीला आल्या, बंद पडायची पाळी आली. तेव्हा जॉर्ज व्हाइट या शिक्षकांनी ठरवलं की मुलांना घेऊन गावोगाव गायचं आणि पैसे उभे करायचे. ६ ऑक्टोबर १८७१ला नऊ विद्यार्थी निघाले, पाच मुली आणि चार मुलगे. पेटीसारखा पियानो वाजवायला आणि तालीम घ्यायला एला होती. वय वीस.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ही मुलं सुरुवातीला गोऱ्या लोकांची नेहमीची गाणी गायची. आई-बापांची गाणी चारचौघांत गायला त्यांना नको वाटायचं. लाज तर होतीच, कारण ती गुलामीच्या दिवसांची आठवण. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती गाणी त्यांना पवित्र वाटायची. आईनं रात्री दार लावून म्हटलेलं गाणं तिकीट लावून कसं गायचं? व्हाइट यांनी आग्रह धरला आणि हळूहळू मुलांनी तोंड उघडलं. त्या गाण्यांनी सभागृहं गप्प झाली. लोक रडू लागले.

वाट सोपी नव्हती. काळे म्हणून खाणावळीत आणि हॉटेलात जागा नाकारली जायची. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात पन्नास डॉलरही जमले नाहीत, आणि तेही त्यांनी शिकागोच्या आगीत घरं गेलेल्यांना देऊन टाकले. पुढं त्यांनी स्वतःला ‘ज्युबिली सिंगर्स’ असं नाव घेतलं. बायबलात ज्युबिली म्हणजे ज्या वर्षी गुलामांना मोकळं करायचं ते वर्ष. पहिल्या दौऱ्यात वीस हजार डॉलर जमले. अमेरिकेच्या अध्यक्षांपुढं गाणं झालं, १८७३ साली इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीपुढं झालं. त्या पैशातून फिस्कमध्ये ‘ज्युबिली हॉल’ ही भक्कम इमारत उभी राहिली. गाण्यांनी बांधलेली इमारत! ती आजही आहे. रीड यांनी या गायकांना ऐकलं तेव्हा त्यांना वॉलिस आणि मिनर्व्हा आठवले, आणि त्यांनी त्या दोघांची गाणी या मुलांना दिली. असं हे रथाचं गाणं जगापुढं आलं. १९०९ साली फिस्कच्याच चार गायकांच्या आवाजात त्याची तबकडीही निघाली. एलाची आई? गुलामी संपल्यावर एलानं तिला मिसिसिपीतून शोधून काढलं आणि घरी आणलं.

या गाण्यांत सांकेतिक निरोप असायचे असंही सांगतात. रथ म्हणजे पळून जायची गुप्त वाट, घर म्हणजे गुलामी नसलेला उत्तरेचा मुलूख. प्रत्येक गाण्याबद्दल हे सिद्ध करता येत नाही. पण हॅरिएट टबमन या बाईंनी गाण्याचा तसा वापर केला, हे त्यांच्या चरित्रात आहे. त्या स्वतः १८४९ साली मेरीलँडमधून पळाल्या आणि सुमारे तेरा वेळा जिवावर उदार होऊन परत गेल्या. सत्तरच्या आसपास माणसं सोडवून आणली. झाडीत लपलेल्यांना बाहेर यायचं की नाही, हे त्या गाण्यातून कळवायच्या. त्या वारल्या १० मार्च १९१३ला. तारीख ओळखीची वाटली का? आपल्या सावित्रीबाईही १० मार्चलाच गेल्या, १८९७ साली.

तर मैत्रिणींनो, आम्हाला वाटलं कोडं सुटलं. फंकच्या गाण्यात जो रथ आहे तो हाच. पण पुन्हा एकदा कान देऊन ऐकलं तेव्हा एक शब्द खटकला. जुन्या गाण्यात आहे ‘लो’, आणि पार्लमेंटची मंडळी म्हणतात ‘डाउन’. दोन्हींचा अर्थ खालीच. चूक झाली म्हणावं, की मुद्दाम बदललं?

दोन्ही नाही. त्या नावाचं दुसरंच एक गाणं आहे! ‘स्विंग डाउन, चॅरियट’. पहिल्याची धाकटी बहीणच म्हणा. व्हर्जिनिया राज्यातल्या ‘गोल्डन गेट क्वार्टेट’ या चार गायकांच्या मंडळीनं १९४०च्या दशकात ते म्हटलं आणि ते घरोघरी गेलं. १९६०मध्ये एल्विस प्रेस्ली या गाजलेल्या गोऱ्या गायकानंही ते म्हटलं. यातला रथ एलीयाचा नाही. तो बायबलातल्याच यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याला दिसलेल्या चाकांचा आहे, चाकांत चाकं असलेली, आकाशात उठणारी. आता बघा, आकाशात उठणारी चाकं! यानवाल्यांना तीच का आवडली, हे कळलं ना?

आणखी एक फरक आहे. थोरल्या गाण्यात माणूस वाट पाहतो आहे. रथ येईल, मला माझ्या घरी नेईल. सूर संथ, थकलेला, दिवसभर राबून बसल्यासारखा. धाकट्या गाण्यात माणूस रस्त्यात उभा राहून रथाला हात दाखवतो आहे. थांब, मलाही बसायचं आहे. त्याला ताल आहे, उडी आहे. एसटी थांब्यावर न थांबता पुढं निघाली की आपण कशा हात करत धावतो, तसं काहीसं. एक गाणं गुलामीच्या काळात जन्मलं. दुसरं गाजलं ते सुटका होऊन ऐंशी वर्षं झाल्यावर, जेव्हा काळ्या लोकांना बसमध्ये मागं बसावं लागत होतं आणि कित्येक ठिकाणी मत देता येत नव्हतं. आमचा आपला अंदाज असा, की म्हणूनच दुसऱ्या गाण्यात न्यायला येण्याची नुसती वाट पाहणं नाही, जागा मागणं आहे.

आणि १९७५ साली जॉर्ज क्लिंटननं काय केलं? त्याचं म्हणणं साधारण असं, की काळा माणूस जिथं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, तिथं त्याला नेऊन बसवायचं. आधीच्या एका गाण्यात त्यानं काळ्या माणसाला राष्ट्राध्यक्षांच्या घरात बसवलं होतं. मग म्हणाला, आता आकाशातल्या यानात बसवू. १९७६पासून त्यांच्या कार्यक्रमात खरोखरच मंचावर एक भलंमोठं यान वरून उतरायचं, दिव्यांचा झगमगाट आणि धूर सोडत. आणि ते उतरण्याआधी ग्लेन गॉइन्स हा तरुण गायक देवळातल्या आर्त आवाजात त्याला हाक घालायचा. हजारो लोक त्याच्याबरोबर तेच रथाचं बोल म्हणायचे. आजी-आजोबांनी ज्या रथाला हाका मारल्या, तो नातवंडांनी मंचावर उतरवून दाखवला. आता आमच्या मैत्रिणीचा प्रश्न सुटला. रथ आणि यान वेगळे नाहीतच. गाडी बदलली, प्रवासी तेच आहेत.

पुढं १९९२ साली डॉक्टर ड्रे या रॅप गायकानं क्लिंटनच्या गाण्यातला तोच तुकडा घेऊन आपलं गाणं केलं. त्यात गाडी आहे रस्त्यावरची मोटार. क्लिंटनचं मंचावरचं पहिलं यान भंगारात गेलं. नंतर बनवलेलं दुसरं यान वॉशिंग्टनला काळ्या लोकांच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेलं आहे. ते संग्रहालय २०१६ साली उघडलं. गुलामीच्या बेड्या आणि हे यान एकाच छपराखाली.

पण गाण्याच्या वाटेत एक खड्डाही आहे. इंग्लंडमध्ये रग्बी नावाचा खेळ आहे. १९८८पासून तिथले प्रेक्षक त्यांच्या संघाला जोर चढवायला थोरलं रथाचं गाणं म्हणतात. हजारो गळे, हातात ग्लास, हावभाव, हसणं. त्यातल्या कितीजणांना माहीत होतं की हे गुलामांचं गाणं आहे? २०२०मध्ये यावर बरीच चर्चा झाली, आणि रग्बीच्या संघटनेनंही मान्य केलं की पुष्कळांना त्याचा उगम ठाऊक नाही. गाणं कुणीही गावं, त्याला कुंपण घालता येत नाही. पण कुणाच्या घामातून ते आलं हे विसरलं, की गाणं उरतं आणि माणसं पुसली जातात.

आपला याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारेल. आहे. ज्या १८७३ साली एला आणि तिचे सोबती इंग्लंडात गात होते, त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, काळ्या माणसांची गुलामी संपवण्यासाठी झटल्याबद्दल. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचीही तशीच सुटका व्हावी, ही त्यामागची आस. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच पुण्यातल्या एका माणसानं ओळखलं होतं की त्यांचं दुःख आणि आपलं दुःख सख्खं आहे. पुढं फ्रेडरिक लाउडिन यांच्याबरोबर फिस्कच्या गायकांची एक मंडळी जगाच्या दौऱ्यावर निघाली ती हिंदुस्थानातही आली, आणि आग्र्याला ताजमहालातही गायली.

शेवटचं सांगतो. या सगळ्या शोधात आमच्या मनात राहिली ती मिनर्व्हा. पुष्कळ ठिकाणी गाण्याखाली फक्त वॉलिस विलिसचं नाव असतं. गात दोघं होती, नाव एकाचं राहिलं. आणि नदीच्या वाटेवर उभी राहिलेली ती म्हातारी, तिनं तर दोन जीव वाचवले. ती नसती तर एला नसती, आणि मग त्या इमारतीचं नि त्या गाण्यांचं काय झालं असतं कुणास ठाऊक.

आपल्याकडं हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सोबत्यांना घेऊन खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ते नाव लिहिणं किती मोठं काम होतं, हे मिनर्व्हाची गोष्ट कळल्यावर आम्हाला नव्यानं उमगलं.

तेव्हा एवढं करा. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते आणि हिशेब झाले की प्रत्येकीनं एक गाणं म्हणावं. ओवी असो, हळदीचं असो, भलरी असो. आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा. गाणं कुणाकडून शिकलात, तिचं नाव काय, माहेर कुठलं, सासर कुठलं, कुठलं काम करताना ती गायची. आजीचं नाव आठवत नसेल तर घरी विचारा. तिला सगळे नुसतं ‘आजी’ किंवा ‘अमक्याची आई’ म्हणत असतील, तरी तिचं स्वतःचं नाव होतंच. आज विचाराल तर सांगणारं कुणीतरी आहे.

भेटूया पुढच्या वेळी. नमस्कार.